साडेसात टनांचा माणूस

सदर इसम पुरुष असून वय वर्षे चोपन्न, उंची पाच फूट चार इंच, बांधा मध्यम. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यास नख नाही (ट्रेलरच्या हुकात गेले). धंदा : फिरती शौचालये भाड्याने देणे, पोचवणे, उपसणे व परत आणणे, अनुभव बावीस वर्षे. कुटुंब : पत्नी एक, मेहुणा एक. वाहन : एक. वाहनाचा प्रकार : अवजड कामाचा पिकअप ट्रक. चाके सहा, पैकी मागे चार. लांबी सहा मीटर पस्तीस सेंटिमीटर. ओढक्षमता साडेसात टन. आसनक्षमता पाच. वापराचे प्रयोजन : दैनंदिन ने-आण व ओढकाम. इसमाविरुद्ध दाखल तक्रारी : चार, सर्व एकाच शेजारणीच्या.

वरील मजकूर खरा आहे. प्रयोजनाचा रकाना तेवढा इसमाने स्वतःच्या हाताने भरलेला आहे.

गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. साडेसात म्हणतात. हे त्यांनी ओढवून घेतलं. गाडी आणल्यापासूनचे पहिले तीन महिने ते कुठल्याही बोलण्यात, हवा कशी आहे इथपासून कुणाचे वडील कसे गेले इथपर्यंत, ‘साडेसात टन ओढते’ हे वाक्य बसवत. ते बसलं की समोरचा उठे. गाडीसाठी मग वेगळं नाव शोधावं लागलं नाही. ती साडेसाती. समोरच्या घरात राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरीणबाई म्हणतात, “खरी साडेसाती परवडली. तिची मुदत तरी ठरलेली असते.”

तर ही गाडी ओढते काय? एक ट्रेलर. त्यावर दोन शौचालयं, फिकट निळी, दाराला कोयंडा. ट्रेलर, शौचालयं आणि आतले कागदाचे गुंडाळे धरून वजन सहाशे ऐंशी किलो. म्हणजे गाडी जेवढं ओढू शकते त्याचा अकरावा हिस्सा. नाकापेक्षा मोती जड ही म्हण ज्याने केली त्याने असं नाक पाहिलं नसावं, पण मोती पाहिला असावा.

आधी त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या. घरच्या कामाला एक छोटी कार आणि धंद्याला एक जुनी, हलकी पिकअप. ही पिकअप चौदा वर्षं तीच दोन शौचालयं तोंडातून अवाक्षर न काढता ओढत होती. मग एका चढावर घात झाला. एका मोठ्या इमारतीचं काम चालू होतं, चढावर चिखल होता, पिकअपची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. कामावरच्या सुपरवायझरने आपला थोरला ट्रक आणला, साखळी लावली आणि पिकअप, ट्रेलर, शौचालयं असा सगळा लवाजमा एका दमात वर काढला. वर तो म्हणाला, “काका, संडास ओढायला खेळणं आणलंत होय?”

सत्तर मजूर हसले. हे सत्तर जण आठवडाभर त्यांच्याच शौचालयांत जाणार होते, हे लक्षात घेतलं म्हणजे अपमान किती खोलवर गेला असेल ते कळेल.

मेहुणा म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. त्याचं टायरचं दुकान आहे. त्याने पिकअपचं मागचं चाक अंगठ्याने चाचपून सांगितलं, “दाजी, टायर टकले झालेत. टायर बदला, गाडी नको.” निदान अचूक होतं. म्हणूनच ते चाललं नाही. मेहुणा सांगेल त्याच्या उलट करायचं हा साडेसातांचा लग्नापासूनचा नियम, आणि तो त्यांनी कुठल्याही व्रतापेक्षा निष्ठेने पाळला आहे. महिन्याभरात कार गेली, पिकअप गेली आणि दारात साडेसाती उभी राहिली. पिकअप कुणी घेतली? मेहुण्याने. त्याने मागचे दोन टायर बदलले आणि वापरायला लागला.

नवी गाडी दाखवायला साडेसात मुद्दाम त्याच्याच दुकानात गेले. इंजिन बंद न करता वरूनच म्हणाले, “कशी आहे?”

“चांगली आहे. तुमच्या कामाची नाही.”

“का, ओढत नाही?”

“ओढते की. डोंगर ओढेल. तुमच्याकडे डोंगर कुठाय? दोन संडास आहेत.”

“धंदा वाढेल.”

“साडेसात टन म्हणजे बावीस संडास झाले, दाजी. अख्ख्या गावाला एकदम जुलाब झाले तरी बावीस लागायचे नाहीत.”

“तू टायर बघ.”

“टायरच बघतोय. पुढे दोन, मागे चार. माझ्या धंद्याच्या दृष्टीने फार उत्तम गाडी आहे. आणखी एक घ्या.”

त्यानंतर दोघं एकमेकांशी फक्त भांडण्यापुरते बोलत.

रोजच्या वापराचं म्हणाल, तर गाडीचं नाक साडेसातांच्या हनुवटीला लागतं. समोर कुणी लहान मूल उभं असेल तर आतून दिसत नाही, म्हणून ते दर वेळी आधी खाली उतरून, पुढे जाऊन बघून येतात, मग पुन्हा चढून बसतात. तोवर दुसरं मूल आलेलं असू शकतं, पण त्याला इलाज नाही. घरापुढची जागा साडेपाच मीटर. गाडीचा उरलेला पाऊण-एक मीटर रस्त्यावर राहतो. हेडमास्तरीणबाईंनी शाळेतून निवृत्त होताना बहुधा खडूंचा साठा बरोबर आणला असावा. त्या रोज सकाळी रस्त्यावर एक पांढरी रेघ ओढतात आणि गाडी रेघेच्या किती बाहेर आहे ते पट्टीने मोजून वहीत लिहितात. गल्लीत गाडी वळवायला अकरा वेळा पुढे-मागे करावं लागतं. दूध आणायला निघाले, तर दुकानासमोर गाडी मावत नाही. मग पुढच्या मैदानापाशी लावायची आणि तिथून चालत मागे दुकानात यायचं. घरून सरळ चालत गेले असते तर निम्मं अंतर पडलं असतं. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळून ते दूध आणत.

आणि ओढायला काही मिळेना. जंगी शस्त्र घेऊन बसलेल्या माणसाला शेजारी शांत असले की करमत नाही, तसं त्यांचं झालं. “काही ओढायचं असलं तर सांगा हं,” असं ते जाता-येता सांगू लागले. हेडमास्तरीणबाईंच्या भिंतीलगत एका वाळलेल्या झाडाचं खोड होतं. बाईंनी सांगितलं नव्हतं. त्या गावाला गेल्या होत्या. साडेसातांनी खोडाला साखळी बांधली आणि गाडी पुढे घेतली. खोड आलं. खोडाच्या मुळांनी भिंत धरून ठेवली होती, तीही आठ फूट आली. पहिली तक्रार त्याची. “पण गाडीने हूं का चूं केलं नाही,” असं ते पोलिसालाही सांगत होते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांच्या पत्नीच्या पाठीचं ऑपरेशन झालं.

बाई औषधाच्या दुकानात काम करतात. सव्वीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहून मणक्यातली चकती सरकली. बाई कमी बोलतात आणि मोजून बोलतात. दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, असं बोलायची सवय. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं : दोन महिने वजन उचलायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही, आणि आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात यायचं.

घरी न्यायला साडेसाती आली. चढायची पायरी बाईंच्या गुडघ्याच्या वर. साडेसातांनी त्यावर तोड काढली होती : प्लॅस्टिकचं स्टूल, त्याला सुतळी बांधलेली. स्टुलावर चढून आत बसायचं आणि सुतळीने स्टूल वर ओढून घ्यायचं. विहिरीतून पाणी काढावं तसं बाईंनी स्टूल वर काढून मांडीवर घेतलं. रस्त्यावर अकरा गतिरोधक होते. दारात गाडी थांबल्यावर बाई म्हणाल्या, “पाठीत दोन स्क्रू घातलेत म्हणून डॉक्टर सांगत होते. नेमके कुठे घातलेत ते आज कळलं.”

“अगं, नवीन गाडी आहे. थोडी कडक असते. वापरून मऊ होईल.”

“ती होईपर्यंत मी होईन.”

तिसऱ्या दिवशी व्यायामाला जाऊन आल्यावर बाई गाडीतून उतरेचनात. पाठ आखडली होती. शेवटी दोन शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उतरवल्यासारखं उतरवलं. संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली. मेहुणा न्यायला आला, तीच जुनी पिकअप घेऊन, जिच्या आरशावर अजून साडेसातांनी चिकटवलेली शौचालयांची जाहिरात होती.

“अहो, ऐका,” बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. “या गाडीतून मला एकदा दवाखान्यात न्या आणि आणा. जाऊन-येऊन. पाठीत एकही कळ न येता. त्या दिवशी मी घरी येईन आणि परत गाडीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर गाडी विका. तोपर्यंत मी दादाकडे आहे.” मेहुणा वयाने धाकटा, पण बाई त्याला लहानपणापासून दादाच म्हणतात.

“नवऱ्याला अट घालतेस?”

“नवऱ्याला नाही. गाडीला.”

पिकअप निघाली. गल्लीच्या टोकाच्या गतिरोधकावर ती हलकेच झुलली. साडेसात ते बघत होते. घरात मग ते एकटे आणि दारात सहा मीटर पस्तीस.

गाडी कडक का, हे त्यांना मेहुण्याकडूनच कळलं. दुसरा इलाज नव्हता. गाडीच्या पोटाखाली घुसण्याइतकी खोली गावात फक्त त्याच्याच दुकानातल्या खड्ड्याला होती. मेहुण्याने बॅटरी मारून दाखवलं, “हे स्प्रिंगचे पाटे बघा. एकावर एक किती आहेत. दीड टन माल पाठीवर पडला की हे वाकतात, मग गाडी लोण्यासारखी चालते. रिकामी असली की वाकतच नाहीत. रस्ता जसाच्या तसा वर पाठवतात. हिला ओझं हवंय, दाजी. ताई पंचावन्न किलोची आहे.”

“मग?”

“मग काही नाही. ताईने आणखी साडेचौदाशे किलो वाढवावं, नाहीतर तुम्ही गाडी विकावी. ताईला विचारतो हवं तर, पहिलं जमतंय का.”

विकण्यासाठी गिऱ्हाईकही मेहुण्यानेच पाठवलं. दगडाच्या खाणीचा मालक. त्याला खोदाईचं यंत्र एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर न्यायचं असे, ट्रेलरसकट पाच टन. त्याने गाडीखाली वाकून बघितलं, मागची चार चाकं बघितली, हुक हाताने हलवून बघितला. त्याच्या तोंडावर जे भाव आले ते साडेसातांनी गाडी घेतल्यापासून कुणाच्याही तोंडावर बघितले नव्हते. “वा,” तो म्हणाला. “ही खरी कामाची गाडी. तुम्ही काय ओढता हिने?”

साडेसात म्हणाले, “बोटी.”

या गावाला समुद्र नाही, नदी नाही, आणि तळं आहे त्यात गुडघाभर पाणी. खाणवाल्याने ट्रेलरकडे बघितलं. ट्रेलरवरच्या दोन निळ्या शौचालयांकडे बघितलं. तो काही बोलला नाही, आणि तेच वाईट झालं. सुपरवायझर बोलला तरी होता. “विकायची नाही,” साडेसात म्हणाले. खाणवाला जाताना मेहुण्याच्या दुकानी थांबला आणि म्हणाला, “गाडीत काही दोष नाही हो. माणूस चुकलाय.”

मग वाळूचं प्रकरण. ओझंच हवंय ना, तर ओझं घालू. पंचवीस पोती वाळू आली, हजार किलो. गाडीच्या मागच्या भागात पोती रचली. समोर, चालकाच्या पुढच्या फळीवर, स्टीलचा पेला काठोकाठ भरून ठेवला आणि साडेसात एकटेच टायरच्या दुकानापासून (बाई तिथेच वरच्या खोलीत राहत होत्या) दवाखान्यापर्यंत गेले. अकरा गतिरोधक. पेल्यातून घोटभर पाणी सांडलं. रिकामी गाडी असताना पेलाच सांडला होता. म्हणजे शास्त्र बरोबर होतं. मोठ्या कष्टाने त्यांनी गाडीत असं काही भरलं होतं की ज्याचा उपयोग ती गाडी सहन व्हावी एवढाच होता.

अडचण अशी की गाडीत वाळू असली की मैल्याची टाकी ठेवायला जागा उरत नसे. शौचालयं उपसायची तर हजार लिटरची टाकी आणि पंप गाडीवर हवा. म्हणून कामाला जाताना पंचवीस पोती उतरवायची, आल्यावर चढवायची. चौथ्या दिवशी साडेसातांच्याही पाठीत कळ आली. पाचव्या दिवशी पोती उतरवून ते कामाला गेले. हेडमास्तरीणबाईंच्या उरलेल्या भिंतीपाशी ती रचलेली होती. हेडमास्तरीणबाईंनी चौथी तक्रार टाकली आणि नगरपालिकेची गाडी वाळू उचलून घेऊन गेली. “रस्त्यावर वाळू कशाला ठेवली होती?” असं विचारणाऱ्या कारकुनाला साडेसात म्हणाले, “बायकोच्या पाठीसाठी.” कारकुनाने ‘कारण समाधानकारक नाही’ असं लिहिलं.

आणि तेव्हा त्यांना सुचलं. टाकी. दर मंगळवारी सकाळी त्या मोठ्या इमारतीच्या कामावरची शौचालयं उपसली की टाकी गळ्यापर्यंत भरते. हजार लिटर, म्हणजे वाळूएवढंच वजन, आणि ते गाडीत असतंच. बाईंचा व्यायाम मंगळवारी दहाला. एक पंथ दोन काज. त्यांनी टाकीचं झाकण दोनदा आवळलं, बाहेरून साबणाने धुतली, वर ताडपत्री बांधली, आत आरशाला लिंबाच्या वासाची पुडी टांगली, आणि पावणेदहाला टायरच्या दुकानासमोर भोंगा वाजवला.

बाई खाली आल्या. मेहुणा हातात टायर धरून दारात उभा राहिला. “ताई, चढतेस?”

“अट घातलीय मी. चढते.”

स्टूल, सुतळी, मांडी. पहिला गतिरोधक आला आणि गेला. बाईंनी दाराची मूठ घट्ट धरली होती, तिसऱ्यानंतर सोडली. सातव्यानंतर मागे रेलल्या. फळीवरच्या पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं.

“काय केलंत?” बाईंनी विचारलं.

“वजन घातलं मागे.”

“कसलं?”

“पाणी.”

बाईंनी आरशाला लटकलेल्या लिंबाकडे बघितलं. मग मागच्या काचेतून ताडपत्रीकडे. “कुणाचं?”

साडेसात खोटं फार वाईट बोलतात. बोटींच्या वेळी दिसलंच. “त्या इमारतीवरच्या लोकांचं,” ते म्हणाले. “सत्तर जण आहेत. आठवड्याभराचं.”

दवाखान्यापर्यंत बाई हसत होत्या. पाठीवर हात धरून, डोळ्यांना पदर लावून, दोन महिन्यांत पहिल्यांदा. उतरताना स्टुलावर उभ्या राहून म्हणाल्या, “सत्तर माणसं लागली हो मला आणायला. पण दुखलं नाही. खरंच दुखलं नाही.” पिशवी दादाकडे आहे, येताना तिथून घेऊ आणि घरी जाऊ, असंही म्हणाल्या. व्यायामाला पाऊण तास लागणार होता.

इथे त्यांच्या धंद्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बावीस वर्षांत साडेसातांनी एक नियम त्या सकाळपर्यंत कधी मोडला नव्हता : भरलेली टाकी घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. उपसली की सरळ मैलापाणी केंद्रावर. वाटेत चहाला थांबायचं नाही, ओळखीचा दिसला तरी हात करायचा आणि पुढे. हा नियम कुणी घालून दिलेला नव्हता. लोक या धंद्याला नाक मुरडतात. मुरडायला कारण मिळू द्यायचं नाही, एवढंच. दवाखान्याच्या फाटकात रुग्ण येत-जात होते. केंद्र साडेअकराला बंद होतं आणि दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. साडेसातांनी घड्याळ बघितलं. त्यांच्या आत जे काही घडलं त्याला विचार म्हणता येणार नाही. ती सवय होती. ते केंद्रावर गेले, टाकी उपसली, आतून धुतली, झाकण लावलं, आणि अकराला दहा कमी असताना दवाखान्याच्या फाटकात पुन्हा हजर झाले. शीळ वाजवत होते असं फाटकावरचा माणूस सांगतो.

बाई बाहेर आल्या, चढल्या, स्टूल ओढून घेतलं. मुठीला हात लावला नाही.

पहिल्याच गतिरोधकावर पेला उडाला आणि साडेसातांच्या मांडीवर पडला. बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. तो शब्द नव्हता. ब्रेक दाबला तेव्हा मागची चार चाकं गतिरोधकावर चढत होती, ती उतरली आणि तो आवाज पुन्हा आला.

“टाकी,” साडेसात म्हणाले.

बाई दात आवळून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, “रिकामी करून आलात?”

“साडेअकराला बंद होतं केंद्र.”

“पाऊण तास होता तुमच्याकडे. एवढंच सांभाळायचं होतं.”

“अगं, दवाखान्याच्या दारात भरलेली टाकी घेऊन…”

“बरोबर आहे. सत्तर जणांचं सांभाळलंत.” त्यांनी दार उघडलं आणि सुतळीने स्टूल खाली सोडलं. “मी चालत जाते.”

“पाठ?”

“डॉक्टर म्हणालेत, चालणं चांगलं. हिसका वाईट.”

बाई फुटपाथवरून चालू लागल्या, एक हात कमरेवर. साडेसाती पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागून. खिडकीतून साडेसात बोलत होते, काय ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. मागे वाहनांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. एकाने ओरडून विचारलं, “काका, बाईंना ओढताय की बाई तुम्हाला?” सहाव्या गतिरोधकापाशी समोरून मेहुणा आला, जुनी पिकअप घेऊन. त्याने ती रस्त्याच्या कडेला लावली, दार उघडलं. बाई त्यात बसल्या. स्टूल लागलं नाही. वळताना पिकअप गतिरोधकावरून गेली आणि पाळण्यासारखी झुलली.

दुपारी साडेसात स्टूल आणायला म्हणून दुकानात गेले. स्टूल गाडीतच होतं.

“अर्धी अट पुरी झालीय,” ते म्हणाले. “जाताना दुखलं नव्हतं. ती स्वतः म्हणाली.”

“मग अर्धी बायको घेऊन जा,” मेहुणा म्हणाला. “कुठली हवी ते सांगा. पाठीची अर्धी आमच्याकडे राहील.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“मी मध्ये नाही, दाजी. मी खाली आहे, दुकानात. ती वर आहे. मध्ये तुमची गाडी आहे.”

“विकणार नाही.”

“कुणी मागतही नाहीये. खाणवाल्याने दुसरी घेतली.”

बाईंची पाठ बरी झाली. व्यायाम संपला. त्या पुन्हा काउंटरमागे उभ्या राहतात, आता खाली रबराची चटई आहे. दुकानात त्या चालत जातात, पाऊस असला तर पिकअपमधून. राहतात भावाकडे, टायरच्या दुकानावरच्या खोलीत, जिला रबराचा वास येतो. तो वास कसा आहे असं हेडमास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “एकाच गोष्टीचा आहे. कळतो तरी.”

साडेसात रोज सकाळी कामावर जाताना दुकानासमोर गाडी थांबवतात आणि भोंगा वाजवतात. मेहुणा वर बघत नाही. बाई खिडकीत येतात.

“येतेस?”

“भरलेली आहे की रिकामी?”

“रिकामी.”

“मग पाठ नको म्हणते.”

एका मंगळवारी ते मुद्दाम उपसून आले. “भरलेली आहे,” वर बघून म्हणाले. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा ते भरलेल्या टाकीनिशी कुणाच्या दारात उभे होते.

बाईंनी वरून टाकीकडे बघितलं. म्हणाल्या, “जाताना भरलेली. येताना?”

साडेसातांनी घड्याळ बघितलं. केंद्र साडेअकराला बंद होतं. बाईंनी खिडकी लावून घेतली.

गाडी अजून त्यांच्या नावावर आहे. ओढक्षमता साडेसात टन, आसनक्षमता पाच. तीत एकजण बसतो.